ट्रम्पेटचे सोलो ट्यूबावर कसे आणावेत

गोव्यात ट्रम्पेटच्या संगीताला तोटा नाही. फेस्ताला वाजवणाऱ्या एखाद्या बँडची कागदांची पेटी उघडून बघा : लग्नाचे मार्च, वॉल्ट्झ, कॉर्नेटचे (ट्रम्पेटच्या जवळच्या नात्यातले वाद्य) जुने सोलो, परीक्षांची पुस्तके, बहुतेक सगळे ट्रम्पेटसाठी लिहिलेले. ट्यूबा किंवा सूझाफोन (अंगाभोवती अडकवून वाजवायचा ट्यूबा) वाजवणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावरचे खर्जातले स्वर तेवढे येतात. याला इतिहासही कारण आहे. ट्यूबाचे पेटंट प्रशियात १८३५ मध्ये निघाले, पण नामवंत संगीतकारांनी त्याला एकल वाद्य म्हणून जवळ केले ते फार उशिरा. व्हॉन विल्यम्स यांचा ट्यूबा कॉन्चेर्टो १९५४ चा, हिंडेमिथ यांचा ट्यूबा सोनाटा १९५५ चा. त्याआधीचे बरेचसे उसनेच घ्यावे लागते, आणि त्यासाठी ट्रम्पेट सर्वांत सोयीचा.

सोयीचा अशासाठी की बोटे जवळपास तीच राहतात. बदलतो तो श्वास, आणि साथीच्या स्वरांशी असलेले नाते. नोटेशन उतरवून काढले की काम झाले असे समजणाऱ्यांचे सोलो बहुधा याच दोन ठिकाणी फसतात.

आपला ट्यूबा कोणता?

एकही व्हॉल्व्ह न दाबता मधल्या पट्टीतला स्वर धरा आणि ट्यूनरवर बघा. बी फ्लॅट किंवा एफ दिसला तर तुमचा ट्यूबा बी फ्लॅटचा; ई फ्लॅट किंवा बी फ्लॅट दिसला तर ई फ्लॅटचा असू शकतो. म्हणून एकाच स्वरावर थांबू नका. व्हॉल्व्ह न दाबता, जमेल तितक्या खालून सुरू करून ओळीने तीन-चार स्वर काढा आणि ज्या नावाचा स्वर सप्तकाच्या अंतराने पुन्हा येतो ते नाव धरा. मोबाइलवरचा ट्यूनर आधी ‘सी’ म्हणजे कॉन्सर्ट पिचवर (प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांवर) आहे ना ते पाहा. तो ट्रम्पेटसाठी बी फ्लॅटवर लावून ठेवलेला असेल तर सगळे उत्तर एका पूर्ण स्वराने चुकते.

बँडमधले सूझाफोन जवळपास सगळे बी फ्लॅटचे असतात. या ट्यूबाची नळी साधारण अठरा फूट, ट्रम्पेटची साडेचार फूट. नळीची लांबी दुप्पट झाली की स्वर एक सप्तक खाली जातो. इथे ती चौपट आहे, म्हणून दोन सप्तके. याचा फायदा असा : ट्रम्पेटचा कागद जसाच्या तसा समोर ठेवला, ट्रेबल क्लेफ (ओळीच्या सुरुवातीचे उंच स्वरांचे चिन्ह; खर्ज स्वरांचे ते बेस क्लेफ) वाचला आणि ट्रम्पेटचीच बोटे वापरली, तर बरोबर दोन सप्तके खाली तीच धून येते. पियानोची साथही न बदलता जुळते. जो आधी ट्रम्पेट शिकून मग ट्यूबाकडे वळला (आपल्या बँडमध्ये असे पुष्कळ असतात) त्याला काहीही उतरवून घ्यावे लागत नाही.

ई फ्लॅटच्या ट्यूबाचे गणित वेगळे आहे, आणि ज्याला बेस क्लेफच येतो त्याचेही. ते पुढे येईल.

कागद कोणत्या ट्रम्पेटचा आहे?

सगळे ट्रम्पेट बी फ्लॅटचे, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येणारे, नसतात. फ्रेंच परंपरेतले बरेच सोलो सी ट्रम्पेटसाठी छापलेले मिळतात, बारोक काळातले डी ट्रम्पेटसाठी. कागदावर नाव नसेल तर सोलोची आणि पियानोची की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची चिन्हे) शेजारी ठेवून बघा. सोलोत पियानोपेक्षा दोन शार्प जास्त (किंवा दोन फ्लॅट कमी) असतील तर तो बी फ्लॅट ट्रम्पेट. दोन्हीकडे सारखीच असेल तर सी. सोलोत दोन शार्प कमी असतील तर डी ट्रम्पेट. जुन्या ऑर्केस्ट्राच्या कागदांवर ट्रम्पेटला की सिग्नेचर देतच नसत. तिथे शेवटचा स्वर पियानोच्या शेवटच्या खर्ज स्वराशी ताडून पाहावा.

ही तपासणी टाळली तर तालमीत पहिल्याच बारला पियानो आणि ट्यूबा एका स्वराच्या फरकाने भांडू लागतात आणि दोघेही एकमेकांना ट्यूनिंग करायला सांगतात.

निवड : काय घ्यावे, काय सोडावे

निवड करताना वरचा आणि खालचा टोकाचा स्वर सगळेच बघतात. त्याहून महत्त्वाचे आहे ते धून बहुतेक वेळ कुठे वावरते हे. ट्रम्पेटच्या कागदावर तिसऱ्या आणि चौथ्या रेषेमधला सी ते पाचव्या रेषेच्या डोक्यावर बसणारा जी, हा पट्टा बी फ्लॅट ट्यूबावर सर्वांत गाता असतो. स्वर स्पष्ट ऐकू येतो आणि धून म्हणून ओळखू येतो. त्याखालचा, म्हणजे पंचरेषेखालच्या जादा रेषेवरच्या सीपासून दुसऱ्या रेषेवरच्या जीपर्यंतचा भाग ट्रम्पेटवर उबदार लागतो, पण ट्यूबावर तो लोकांच्या कानाला बेसची ओळ वाटतो. सोलोचा अर्ध्याहून जास्त भाग तिथे असेल तर दुसरा सोलो शोधा किंवा वरच्या पट्टीत न्या. पंचरेषेवरच्या दोन जादा रेषांचा सी तयारीच्या वादकाला जमतो; त्याहून वर वारंवार जाणारे सोलो सध्या बाजूला ठेवलेले बरे.

दुसरी कसोटी विरामांची. ट्रम्पेटच्या दोन वाक्यांमध्ये पियानोला दोन-चार बार दिलेले असतील तो सोलो ट्यूबाला मानवतो. आर्बां यांच्या १८६४ च्या, कॉर्नेट शिकवणाऱ्या पुस्तकातले चौदा मोठे अभ्यास यासाठी अगदी निरुपयोगी; विराम जवळपास नाहीतच, दम कोंडतो. त्याच पुस्तकातल्या दीडशे छोट्या धुना मात्र सुरुवातीला फार उत्तम. एकेक धून पानभरापेक्षा लहान, पल्ला बेताचा, वाक्ये छोटी. सहा महिने पुरेल इतके साहित्य एकाच पुस्तकात मिळते.

तिसरी : सोलोची मजा कशात आहे? धून गाण्यात असेल तर घ्या. केवळ जिभेच्या वेगात असेल तर जपून. गोडिके यांचा ओपस ४९, कॉन्सर्ट एट्यूड, ट्रम्पेटवर झगमगतो तो एकाच स्वराच्या झटपट पुनरुक्तीमुळे; ट्यूबावर तीच पुनरुक्ती गुरगुर होते. म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचे बूच) लावून रंग बदलणारे सोलोही सोडून द्या. ट्यूबाचा म्यूट बादलीएवढा असतो, आणि दोन बारच्या विरामात तो बसवता येत नाही.

पहिल्या वर्षासाठी दोन नावे सुचवता येतील. एक, जेरेमाया क्लार्क यांचा ‘प्रिन्स ऑफ डेन्मार्क’ मार्च, जो पुष्कळ काळ पर्सेल यांच्या नावावर खपत होता आणि चर्चमधल्या लग्नांत नेहमी वाजतो. हा रोंदो आहे, म्हणजे मुख्य धून पुन्हा पुन्हा परत येते. त्यातली एक फेरी ऑर्गनला देऊन टाकली की ट्यूबाला आयती विश्रांती. दुसरे, हायडन यांनी १७९६ मध्ये लिहिलेल्या ट्रम्पेट कॉन्चेर्टोमधला मधला भाग, ए फ्लॅटमधला अंदान्ते. पहिला आणि तिसरा भाग मोहात पाडतील, पण ते नंतर. हुमेल यांचा १८०३ चा कॉन्चेर्टो मूळ ई मेजरमध्ये आहे. घेतलाच तर ई फ्लॅटमधली आवृत्ती शोधा, ती सर्रास मिळते आणि बोटांचे हाल वाचतात.

जाझचा नाद असेल तर रेकॉर्डिंग ऐकून उतरवणे हा वेगळा मार्ग आहे. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांच्या पिढीचे ट्रम्पेट वादन ऐका : वाक्य छोटे, मग मोकळी जागा, मग पुन्हा वाक्य. ट्यूबाला हवी ती रचना हीच. उतरवताना रेकॉर्डिंगचा वेग निम्मा करा, आधी ट्रम्पेटच्याच पट्टीत लिहा, आणि तो कागद ट्रम्पेटवाल्याकडून एकदा वाजवून तपासा. थेट ट्यूबाच्या पट्टीत लिहिताना सप्तकाची चूक हमखास होते.

हाताने उतरवण्याची युक्ती

बी फ्लॅट ट्रम्पेटचा कागद बेस क्लेफमध्ये, प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांत, दोन सप्तके खाली न्यायचा असेल तर तीन गोष्टी करा. प्रत्येक स्वराचे डोके तीन पायऱ्या खाली आणा. रेषा एक पायरी, दोन रेषांमधली जागा एक पायरी. क्लेफ बेसचा लावा. की सिग्नेचरमध्ये दोन फ्लॅट वाढवा, किंवा शार्प असतील तर दोन कमी करा. तिसऱ्या-चौथ्या रेषेमधला ट्रम्पेटचा सी बेस क्लेफच्या दुसऱ्या रेषेवर बी फ्लॅट म्हणून उतरला तर तुम्ही बरोबर आहात. ट्रम्पेटचा जी मेजर इथे एफ मेजर होतो, डी मेजर सी मेजर होतो.

मध्येच आलेल्या चिन्हांत गोंधळ होतो तो दोनच स्वरांवर. ट्रम्पेटच्या सी आणि एफपुढे शार्प असेल तर नव्या कागदावर नॅचरल लिहा, नॅचरल असेल तर फ्लॅट लिहा. बाकीच्या पाच स्वरांपुढची चिन्हे आहेत तशीच उतरवा.

ई फ्लॅट ट्यूबा वाजवून ट्रेबल क्लेफ वाचणाऱ्यासाठीही डोकी तीन पायऱ्याच खाली येतात. फक्त क्लेफ ट्रेबलच राहतो आणि की सिग्नेचरमध्ये एक शार्प वाढतो (किंवा एक फ्लॅट कमी होतो). म्हणजे एकदा डोकी उतरवली की तोच कागद दोघांना चालतो. क्लेफ, की सिग्नेचर आणि मधली चिन्हे तेवढी बदलायची. या दुसऱ्या कागदावर चिन्हांचा घोळ होतो तो ट्रम्पेटच्या बीपुढे : फ्लॅट असेल तर नॅचरल, नॅचरल असेल तर शार्प.

सी ट्रम्पेटचा कागद असेल तर आणखी सोपे. बेस क्लेफ लावा, डोकी दोन पायऱ्या खाली, की सिग्नेचर आणि चिन्हे सगळी जशीच्या तशी.

तीन व्हॉल्व्हच्या ई फ्लॅट ट्यूबावर ट्रम्पेटचा पंचरेषेखालचा बी हा शेवटचा मिळणारा स्वर. त्याखालचे ए, जी, एफ शार्प कागदावर दिसले तर ते वाक्य एक सप्तक वर घ्यावे लागेल. बी फ्लॅट ट्यूबावर ही अडचण नाही, ट्रम्पेटचा खालचा एफ शार्पही तिथे सापडतो.

ई फ्लॅटवाल्यांसाठी एक पळवाटही आहे. साथ पियानोची नसून इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची असेल, जशी ती आजकाल बहुतेक ठिकाणी असते, तर काहीच उतरवू नका. ट्रम्पेटचा कागद ट्रम्पेटच्याच बोटांनी वाजवा आणि कीबोर्डचे ट्रान्सपोज बटण अधिक पाचवर ठेवा. ट्यूबा ट्रम्पेटपेक्षा एक सप्तक आणि पंचम इतका खाली वाजतो, साथ पाच अर्धस्वर वर सरकते, दोन्ही जुळतात. उलट साथ वर गेल्याने ट्यूबाला खाली मोकळी जागा मिळते. त्याचप्रमाणे क्लार्क यांचा मार्च मूळच्या डी मेजरमधून अधिक एकने ई फ्लॅटला आणता येतो, आणि त्या पट्टीत दोन्ही ट्यूबांची बोटे सुटसुटीत पडतात. सोलो संपल्यावर बटण शून्यावर आणायची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवा. नाहीतर पुढचे भक्तिगीत भलत्याच पट्टीत सुरू होते आणि सगळे ट्यूबावाल्याकडे बघतात.

म्यूजस्कोर वापरत असाल तर

नोटेशन लिहिण्याचे हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नवा स्कोर घेऊन बी फ्लॅट ट्रम्पेट निवडा आणि छापील कागदावर दिसते तसेच स्वर भरा. भरून झाल्यावर इन्स्ट्रुमेंटच्या खिडकीतून ट्रम्पेट बदलून ट्यूबा करा. सॉफ्टवेअर ऐकू येणारा स्वर तोच ठेवते, त्यामुळे सगळे स्वर पंचरेषेच्या वर जादा रेषांच्या शिडीवर चढलेले दिसतील, घाबरू नका. सगळे निवडून कंट्रोल आणि खालचा बाण दोनदा दाबा. प्रत्येक वेळी एक सप्तक खाली येते. मग टूल्समधून स्वरांची नावे पुन्हा लिहून घ्या, कारण बदलाच्या वेळी ए शार्प, ई शार्प असली अवघड नावे शिरतात.

‘कॉन्सर्ट पिच’चे बटण चालू असताना ट्रम्पेटचे स्वर भरले तर सगळा कागद एका स्वराने चुकतो. भरण्यापूर्वी ते बंद आहे ना, एवढे एकदा पाहा.

धून साथीच्या खाली गेली की काय होते

ट्रम्पेट साथीच्या वर तरंगतो. तीच धून दोन सप्तके खाली आणली की ती पियानोच्या डाव्या हाताच्या खाली बुडी मारते, आणि तिथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. डावा हात सी, ई, जी असा कॉर्ड देतो, तळाला सी. धूनेत त्या क्षणी जी आहे. ट्रम्पेटने तो वर वाजवला तर कॉर्ड भक्कम. ट्यूबाने त्या सीच्या खालचा जी वाजवला तर कानाला पाया जीचा वाटतो, कॉर्ड डळमळतो. मधल्या बारांत हे खपून जाते. वाक्याच्या शेवटी, जिथे विसावा हवा, तिथे मात्र ‘काहीतरी अर्धवट राहिले’ असे वाटते आणि कोणाला कारण सांगता येत नाही. वादक चांगला, पियानो चांगला, तरी सोलो बसत नाही, असे झाले की आधी इथे बघावे.

पियानोचा कागद घ्या. ट्यूबाचा प्रत्यक्ष स्वर डाव्या हाताच्या सर्वांत खालच्या स्वरापेक्षा खाली जातो अशी प्रत्येक जागा पेन्सिलने वर्तुळात घ्या. मग प्रत्येक वर्तुळाचा निकाल लावा.

वाक्याचा शेवट असेल तर डाव्या हाताने तळाचा एकटा स्वर एक सप्तक खाली वाजवावा. ऑर्गनला सोळा फुटी स्टॉप असेल तर तो ओढला की हे आपोआप होते. चार बारांहून लांब पट्टा सलग खाली असेल तर ट्यूबालाच एक सप्तक वर न्या. आणि काहीही केले तरी डाव्या हाताने मध्य-सीच्या एक सप्तक खाली दोन-तीन स्वरांचे जवळजवळचे कॉर्ड देऊ नयेत. ट्यूबासोबत तिथे नुसता गढूळपणा होतो. तिथे एकच स्वर किंवा सप्तक पुरे. वादकाला हे तोंडी सांगून भागत नाही, त्याच्या कागदावर लिहून द्या.

सप्तक बदलायचे ते विरामानंतर, किंवा धूनेत मुळातच मोठी उडी आहे तिथे. चढत्या ओळीच्या मध्येच सप्तक खाली आणले तर ऐकणाऱ्याला तो चुकलेला स्वर वाटतो.

श्वास

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. ट्रम्पेटला थोडी हवा दाबाने लागते, ट्यूबाला पुष्कळ हवा मोकळेपणाने. मधल्या पट्टीत मध्यम आवाजात पूर्ण श्वास आठ-दहा सेकंद पुरतो; खालच्या पट्टीत मोठ्याने वाजवताना जेमतेम चार-पाच. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचे चार बार म्हणजे दहा सेकंद. ट्रम्पेटवाला आठ बारांचे वाक्य एका दमात नेतो, तुम्हाला त्यात किमान दोन, खाली असेल तर चार श्वास लागणार. ते कुठे घ्यायचे हे कार्यक्रमाच्या वेळी ठरवायचे नसते.

कागदाची झेरॉक्स काढा आणि पेन्सिलने खुणा करा. जेल पेन नको, पावसाळी हवेत शाई फुटते आणि खुणा खोडताही येत नाहीत. आधी ट्रम्पेटचे छापील श्वासचिन्ह जिथे आहे तिथे मोठी खूण करा. हे पूर्ण श्वास. मग त्यांच्या मध्ये छोट्या खुणांची जागा शोधा.

लांब स्वराच्या शेपटीतून श्वास चोरणे सर्वांत सुरक्षित. तीन ठोक्यांचा स्वर अडीच ठोके धरा, उरलेल्या अर्ध्यात श्वास. बाररेषा आली म्हणून श्वास घेऊ नका. वाक्य पुष्कळदा बाररेषेच्या आधीच्या उचलीच्या स्वरावर सुरू होते, तेव्हा श्वास त्या उचलीच्या आधी हवा. लांब स्वर कुठेच नसतील तर एखादा स्वर गाळावा लागतो. गाळायचा तो पुनरुक्त स्वर, कमकुवत ठोक्यावरचा, किंवा दोन मुख्य स्वरांमधला वाटेवरचा. जो स्वर पुढच्या स्वरात सुटतो, म्हणजे ताण आणि त्याची सोडवणूक, त्या जोडीच्या मध्ये श्वास कधीही नको. बी नंतर सी येऊन वाक्य मिटणार असेल आणि मध्ये श्वास घेतला, तर आठ बारांचे कष्ट वाया.

दर आठ बारांत एकदा तरी पूर्ण पाव स्वराइतकी, म्हणजे एका ठोक्याची जागा काढा. केवळ छोट्या छोट्या श्वासांवर चालवले तर छातीत शिळी हवा साठते आणि चौथ्या वाक्यापर्यंत गुदमरल्यासारखे होते. हवा संपली असे वाटते, खरे म्हणजे ती बाहेर पडलेली नसते. उलट सरावात सतत खोल श्वास घेत राहिल्यास चक्कर येते. आली तर वाद्य खाली ठेवून बसा, मिनिटभरात उतरते.

खुणा झाल्यावर तपासा : ठरलेल्या लयीत वाजवा आणि प्रत्येक श्वासाआधीचे शेवटचे दोन स्वर ऐका. ते बारीक होत असतील किंवा खाली घसरत असतील तर श्वास एक जागा अलीकडे घ्या. छाती भरली नसतानाही आवाज नीट असेल तर ती खूण नको आहे, खोडा.

वेग, जीभ, सजावट

ट्रम्पेटसाठी छापलेल्या वेगाच्या ८० ते ८५ टक्के हा चांगला आरंभ. १२० लिहिले असेल तर ९६ ते १०२. ट्यूबाचा स्वर उठायला क्षणभर जास्त लागतो आणि विरायलाही. वेगात दोन स्वर एकमेकांत मिसळतात. म्हणून स्टॅकाटो ट्रम्पेटपेक्षा आखूड वाजवा. सोळाव्या स्वरांच्या चारच्या गटात दोन जोडून आणि दोन सुटे वाजवले तर जिभेचे काम उरकते आणि चमकही राहते. दुहेरी जिभेला ‘तू-कू’ ऐवजी ‘दू-गू’ म्हटले तर खालच्या पट्टीत स्वर फुटत नाहीत. तिहेरी जिभेच्या चमकदार व्हेरिएशन्समधून प्रत्येक त्रिकाचा पहिला आणि तिसरा स्वर ठेवून मधला गाळला तरी आकार ओळखू येतो. ‘कार्निव्हल ऑफ व्हेनिस’ करायचेच असेल तर मूळ धून आणि एखादे व्हेरिएशन पुरे. चार-चार व्हेरिएशन्स ऐकणाऱ्यांनाही दमवतात.

ट्रिल लांब ठेवू नका. मोठ्या पिस्टनचा प्रवास लांब असतो, तो ट्रम्पेटच्या वेगाने वरखाली होत नाही. तीन-चार फेऱ्या आणि मग मुख्य स्वर, एवढेच.

सूर

ट्रम्पेटचा पंचरेषेखालचा डी पहिल्या-तिसऱ्या व्हॉल्व्हवर आणि त्याखालचा सी शार्प तिन्ही व्हॉल्व्हवर येतो. दोन्ही चढे लागतात, कारण एकेकटे जुळवलेले व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळी हवी तितकी लांब होत नाही. पहिला साधारण ३० सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढा, दुसरा ५० हून थोडा जास्त. ट्रम्पेटवाला तिसरी स्लाइड बोटाने पुढे ढकलतो आणि मोकळा होतो. बी फ्लॅट ट्यूबावर तो डी बरोबर आणायला स्लाइड सहा सेंटिमीटरच्या आसपास ओढावी लागेल. वाजवता वाजवता ते प्रत्येकाला जमत नाही. चौथा व्हॉल्व्ह असेल तर डीला एकटा चौथा, सी शार्पला दुसरा-चौथा. हेच खालच्या जी आणि एफ शार्पलाही लागू. चौथा नसेल तर असे स्वर लांब धरायला लावणारा सोलो निवडू नये, किंवा पट्टी अशी बदलावी की ते फक्त वाटेत येऊन जातील.

कागद कुठून, आणि कोणत्या हक्काने

जुन्या रचनांचे छापील कागद आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मिळतात. पणजीत कांपालला कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे, तिथले शिक्षक आणि गावच्या बँडचे मास्तर हे उरलेले दोन मार्ग. शोधताना ‘ट्रम्पेट’वर अडून राहू नका. ‘कॉर्नेट’ खाली जुना खजिना आहे, आणि ब्रास बँडसाठीचे युफोनियमचे ट्रेबल क्लेफमधले सोलो बी फ्लॅट ट्यूबाला थेट चालतात. ई फ्लॅटवाल्यांनी टेनर हॉर्नचे पियानोसह छापलेले सोलो शोधावेत. कागद न बदलता एक सप्तक खाली वाजतात आणि साथही जुळते.

भारतात प्रताधिकार रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. हायडन, हुमेल, आर्बां मोकळे आहेत. गोडिके १९५७ मध्ये वारले, म्हणून तेही २०१८ पासून मोकळे. अरुत्युनियान यांचा १९५० चा ट्रम्पेट कॉन्चेर्टो मात्र २०७२ संपेपर्यंत सुरक्षित आहे, कारण ते २०१२ मध्ये गेले. १९५७ च्या कायद्यात संगीतरचनेचे रूपांतर, म्हणजे दुसऱ्या वाद्यासाठी बेतणेही, मालकाच्या हक्कात येते. घरी सरावासाठी उतरवणे वेगळे. उतरवलेला कागद वाटणे, विकणे किंवा चॅनेलवर टाकणे यासाठी परवानगी लागते. शिवाय मोकळ्या रचनेवर आजच्या संपादकाने लिहिलेला कादेन्झा (साथ थांबवून सोलोवाल्याने एकट्याने वाजवायचा तुकडा) किंवा पियानोची नवी साथ यांचा हक्क त्याचा असतो. परीक्षेसाठी वाजवणार असाल तर अभ्यासक्रमात ट्यूबाच्या यादीत जी आवृत्ती आहे तीच घ्या, स्वतः बेतलेला कागद परीक्षक नाकारू शकतो.

वाजवताना

उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये खर्जातला आवाज बराच वेळ घुमतो. तिथे वेग आणखी थोडा उतरवा आणि स्वर आखूड करा. सरळ ट्यूबाचे तोंड छताकडे असते, म्हणून आवाज लोकांपर्यंत वळसा घेऊन येतो. उघड्या मांडवात तो वरच्या वर जातो. मांडवात सूझाफोन बरा, त्याचे तोंड समोर असते. पण मग आवाजाची चिन्हे एक पायरी खाली धरा, नाहीतर साथ ऐकूच येणार नाही. सरळ ट्यूबाला उलट, एक पायरी वर.

बँडबरोबर सोलो असेल तर एक गोष्ट तालमीच्या पहिल्या दिवशी ठरवा : तुम्ही सोलो वाजवत असताना बेस कोण वाजवणार? एकच ट्यूबा असलेल्या बँडमध्ये तो पुढे येऊन उभा राहिला की खालची ओळ नाहीशी होते आणि ट्रम्पेट, क्लॅरिनेट सगळे हवेत लटकतात. ती ओळ युफोनियमला, ट्रॉम्बोनला किंवा बेस गिटारला लिहून द्या. युफोनियमवाल्याला बी फ्लॅट ट्यूबाचा ट्रेबल क्लेफचा कागद तसाच चालतो, एक सप्तक वर वाजतो. ट्रॉम्बोनला बहुधा बेस क्लेफ हवा असतो. आणि बेस गिटार असेल तर नोटेशनपेक्षा कॉर्डची नावे लिहिलेला कागद जास्त उपयोगी पडतो.